ट्रान्समिट करताना एसडब्ल्यूआर हळूहळू चढतो? फेराइट कोअर आणि त्याची पार्यता तपासा

लक्षणं

हॅम रेडिओ चालवताना सुरुवातीला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा, १ म्हणजे आदर्श) १.३ असतो. दोन-तीन मिनिटं सलग कॅरिअर (न बोलता एकसारखी लहर) दिला की १.६ होतो, मग २, आणि थोड्याच वेळात रेडिओ स्वतःहून पॉवर कमी करतो. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की आकडा पुन्हा १.३ वर. एंड-फेड हाफ-वेव्ह (एका टोकाला जोडलेल्या अर्ध-तरंग) अँटेनाच्या, रोध ४९ पट करणाऱ्या ४९:१ ट्रान्सफॉर्मरमध्ये हा बिघाड सर्वांत जास्त आढळतो. ४:१ बालून (समतोल अँटेना कोॲक्स केबलला जोडणारा ट्रान्सफॉर्मर) आणि कोॲक्स गुंडाळून केलेला चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा) यांचा नंबर त्यानंतर लागतो.

सोबत पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी दिसत असतील तर संशयाची सुई कोअरकडेच (वेढे ज्यावर गुंडाळतात त्या फेराइटच्या कड्याकडे) न्यावी:

– ५ वॉटवर तासभर काहीच होत नाही, १०० वॉटवर काही मिनिटांत होतं.
– एसएसबीवर (आवाजी प्रक्षेपण) बोलताना चालतं, एफटी८ वर (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) बिघडतं. बोलण्यात सरासरी पॉवर शिखरापेक्षा बरीच कमी असते. एफटी८ मध्ये १५ सेकंदांच्या पाळीतले १२.६४ सेकंद पूर्ण पॉवर जाते.
– ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झला लवकर होतं, वरच्या बँडवर उशिरा किंवा नाहीच.
– भर उन्हात लवकर, रात्री उशिरा.
– ॲनालायझर (अगदी कमी पॉवरवर अँटेना मोजणारं उपकरण) लावला की सगळं सुरेख दिसतं.

एक लक्षण फसवं आहे, कारण ते तक्रारीसारखं वाटतच नाही. एसडब्ल्यूआर सगळ्या बँडवर १.५ च्या खाली, आलेख सपाट, आणि तरी समोरच्याला सिग्नल क्षीण. डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर फक्त उष्णतेत घालवणारा रोध) एसडब्ल्यूआर उत्तमच असतो. कोअर पॉवर खात असेल तर परत येणारी लाट वाटेतच विरते आणि मीटरला खोटा दिलासा मिळतो.

पाऊस पडला की आकडा बदलतो आणि वाळलं की पूर्ववत होतो, ही तक्रार वेगळी. पाण्याची सापेक्ष चुंबकीय पार्यता (पर्मिएबिलिटी, म्हणजे पदार्थ चुंबकीय फ्लक्सला किती सहज वाट देतो ते) जवळपास १ आहे, हवेइतकीच. पाण्यामुळे बदलते ती तारेभोवतीची पर्मिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राबाबतचा तसाच गुणधर्म) आणि त्यामुळे तारेची विद्युत लांबी, किंवा मग कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. आकडा हळूहळू न चढता एकदम उडी मारत असेल तर ठिणगी किंवा सैल जोड शोधा. या दोन्ही तक्रारींसाठी ट्रान्सफॉर्मर उकलू नका.

बिघाड नेमका कशात आहे

‘कोअर सॅच्युरेट झाला’, म्हणजे संपृक्त होऊन त्यात आणखी फ्लक्स मावेना, असं सर्रास म्हटलं जातं. १०० वॉटच्या लघुलहरी ट्रान्सफॉर्मरमध्ये बहुधा तसं नसतं. गणित सोपं आहे: ५० ओहमवर १०० वॉट म्हणजे सुमारे ७१ व्होल्ट आरएमएस. एफटी२४०–४३ कोअरवर (२.४ इंची कडं, मटेरियल क्रमांक ४३) प्राथमिक २ वेढे, छेद सुमारे १.५८ चौरस सेंटिमीटर, वारंवारता ३.५ मेगाहर्ट्झ. व्होल्टेजला ४.४४, वारंवारता, वेढे आणि छेद यांच्या गुणाकाराने भागलं की फ्लक्स घनता सुमारे १५ मिलिटेस्ला येते. हे मटेरियल थंड असताना २५० मिलिटेस्लाच्या वर संपृक्त होतं. म्हणजे आपण मर्यादेच्या कितीतरी अलीकडे आहोत.

खरा गुन्हेगार उष्णता. फेराइटची पार्यता हा एक स्थिर आकडा नाही. डब्यावर लिहिलेले ८०० किंवा १५०० हे कमी वारंवारतेचे, कमी फ्लक्सचे आणि खोलीच्या तापमानाचे आकडे. वारंवारता वाढली की पार्यतेचे दोन भाग मोजावे लागतात: एक ऊर्जा साठवून परत देणारा, दुसरा ती खाऊन उष्णता करणारा. ४३ क्रमांकाच्या मटेरियलमध्ये काही मेगाहर्ट्झलाच दुसरा भाग पहिल्याच्या जवळ पोचतो. ६१ मध्ये तो सुमारे १० मेगाहर्ट्झपर्यंत नगण्य राहतो, पण तिथे मूळ पार्यताच १२५. जास्त पार्यता हवी तर ती कमी वारंवारतेलाच ढासळायला लागते. डच भौतिकशास्त्रज्ञ स्नूक यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही मर्यादा फेराइट बनवणाऱ्यांनाही चुकवता आलेली नाही.

मग तापमानाचं काय? गरम होताना पार्यता आधी थोडी वाढते, क्युरी तापमानाच्या (ज्याच्या वर फेराइटचं चुंबकत्व जातं) अगदी अलीकडे शिखर गाठते आणि तिथून कड्यावरून पडावं तशी कोसळते. ४३ आणि ३१ साठी हे तापमान १३० अंश सेल्सिअसच्या थोडं वर आहे, ५२ साठी २५० च्या वर, ६१ साठी ३०० च्या वर. म्हणून कधीकधी एसडब्ल्यूआर आधी किंचित सुधारतो आणि मग झपाट्याने बिघडतो. पार्यता पडली की प्राथमिक वेढ्यांचा रिॲक्टन्स पडतो, चुंबकन प्रवाह वाढतो, तापणं आणखी वाढतं. थंड झाल्यावर फेराइट बहुतेक वेळा पूर्ववत होतो, म्हणूनच हा बिघाड महिनोन्महिने सापडत नाही.

तपासणी: फुकटापासून सुरुवात

सगळ्यात आधी सुरक्षा. ४९:१ ट्रान्सफॉर्मरच्या अँटेनाकडच्या टोकाला १०० वॉटवर जवळपास ५०० व्होल्ट आरएमएस असतात, शिखर ७०० व्होल्ट. रेडिओ लहरींचा चटका कातडीच्या आत जातो आणि भरायला वेळ घेतो. डब्याला हात लावण्याआधी ट्रान्समिट बंद करा आणि कोॲक्स रेडिओपासून काढा, फक्त बटण सोडून भागणार नाही.

१. पॉवर आणि वेळ यांची नोंद. एकच वारंवारता, सलग कॅरिअर, आधी १०० वॉट, मग पूर्ण थंड करून ५०, मग २५. एसडब्ल्यूआर १.३ वरून १.८ व्हायला किती सेकंद लागले ते लिहा, आणि १.८ ला थांबा. पॉवर निम्मी केल्यावर वेळ दुपटीहून जास्त लांबला, किंवा २५ वॉटला चढणंच थांबलं, तर बिघाड उष्णतेचा आहे. वेळेत फरकच पडत नसेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा.

२. डमी लोडची अदलाबदल. ट्रान्सफॉर्मरच्या जागी, कोॲक्सच्या त्याच टोकाला ५० ओहमचा डमी लोड लावा आणि तीच चाचणी करा. रेडिओजवळ लोड लावून उपयोग नाही, कारण मग केबल आणि कनेक्टर तपासले जात नाहीत. इथेही आकडा चढला तर दोष कोॲक्सचा, कनेक्टरचा किंवा एसडब्ल्यूआर मीटरचा. स्वस्त मीटरमधली दिशादर्शक जोडणीही एका छोट्या फेराइट कड्यावरच असते, हे विसरलं जातं.

३. तापमान. ट्रान्समिट थांबवून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने कोअर मोजा. चकचकीत तारेवर नेम धरला तर वाचन खऱ्यापेक्षा कमी येतं. कोअरच्या उघड्या भागावर काळ्या टेपचा छोटा तुकडा लावून त्यावर मोजा. ट्रान्समिट चालू असताना थर्मोकपल वापरू नका, त्याची तारच अँटेना होते. पृष्ठभाग ९० अंशांच्या वर गेला असेल तर आतला भाग त्याहून गरम आहे आणि ४३ किंवा ३१ साठी ही धोक्याची पातळी. पृष्ठभाग ५० अंशांवर असताना एसडब्ल्यूआर चढला तर कोअर निर्दोष असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी पुढची पायरी आधी करा.

४. कपॅसिटर. बऱ्याच ४९:१ ट्रान्सफॉर्मरमध्ये प्राथमिक वेढ्यांना समांतर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो सीओजी किंवा सिल्व्हर मायका प्रकारचा आणि २–३ किलोव्होल्टचा हवा. त्याजागी साधा निळा सिरॅमिक चकतीचा कपॅसिटर बसवला असेल तर तो तापतो, त्याची किंमत सरकते, आणि लक्षणं हुबेहूब कोअरसारखी दिसतात. सोल्डर काढून तो बाजूला करा आणि ३.५ किंवा ७ मेगाहर्ट्झवर पुन्हा तीच चाचणी घ्या. खालच्या बँडवर तो नसला तरी फारसं बिघडत नाही, त्याचं काम वरच्या बँडवर. तो काढल्यावर आकडा स्थिर राहिला तर चोर सापडला. कोअरला दोष देऊन तीनदा वेढे बदलणाऱ्यांनी ही पाच मिनिटांची पायरी गाळलेली असते.

५. तडा आणि बंद वेढा. कोअर दोऱ्याने टांगून लाकडी पेन्सिलने हलकं टोका. अखंड कोअर खणखणतो, तडा गेलेला बद्द वाजतो. तड्याचं गणित भीतिदायक आहे: पार्यता ८००, चुंबकीय मार्ग १४५ मिलिमीटर, आणि फट फक्त ०.१ मिलिमीटर, तरी परिणामी पार्यता सुमारे ५१५ वर येते. कोअर पूर्ण दोन तुकड्यांत गेला असेल तर फटी दोन, आणि पार्यता ३८० च्या आसपास. १२५ पार्यतेच्या कोअरला तीच फट जेमतेम ८ टक्के त्रास देते. गोंदाने चिकटवलेला ४३ चा कोअर म्हणून टाकून द्यावा. पडलेला नसला तरी कडक इपॉक्सीत बुडवलेला कोअर संशयितच: इपॉक्सी आकसते, फेराइटवर दाब येतो आणि पार्यता घटते, शिवाय उष्णता आतच कोंडते.

कोअर कसा बसवला आहे तेही बघा. भोकातून धातूचा बोल्ट गेला असेल आणि त्याची दोन्ही टोकं धातूच्या डब्याला टेकत असतील तर तो एक बंद वेढा झाला, आणि ट्रान्सफॉर्मर त्याला पॉवर पुरवतो. कोअरच्या बाहेरच्या घेराला पट्टी बांधली तर असं होत नाही, कारण तिच्यातून फ्लक्स जात नाही. नायलॉनचा बोल्ट वापरला की वादच मिटला. ३१ आणि ७७ ही मँगनीज-झिंक मटेरियल्स बऱ्यापैकी वीजवाहक आहेत. तारेचा एनॅमल कोअरच्या धारेवर खरवडला गेला तर वेढे कोअरमार्फत जुळतात. त्यामुळे आधी पॉलिइमाइड टेप गुंडाळावी. ४३ ची रोधकता जास्त असली तरी टेपची सवय बरी.

६. कोअरची ओळख पटवणं. इथे घाई करू नका, कारण अर्ध्याहून अधिक गुंता याच पायरीवर सुटतो. सगळे फेराइट राखाडी-काळे दिसतात आणि त्यांच्यावर क्रमांक छापलेला नसतो. कोअर मोकळा करा, १० वेढे सारखे पसरून घाला आणि एलसी मीटरने किंवा व्हीएनएने (व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर) १०० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ दरम्यान इंडक्टन्स मोजा. तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे; सरळ आरपार गेलेली तारही एक वेढा धरायची.

६१ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या, १२.७ मिलिमीटर जाडीच्या कोअरवर १० वेढ्यांना ढोबळ आकडे असे येतील: ६१ असेल तर १७ मायक्रोहेन्री, ५२ असेल तर ३४, ४३ असेल तर १०७ ते ११०, ३१ असेल तर २०० च्या आसपास, ७७ असेल तर २७०. प्रत्येकात २० टक्के इकडेतिकडे चालतं. आकार वेगळा असेल तर थेट पार्यता काढा: इंडक्टन्सला चुंबकीय मार्गाच्या लांबीने गुणा आणि वेढ्यांचा वर्ग, छेदाचं क्षेत्रफळ व निर्वात पोकळीची पार्यता यांच्या गुणाकाराने भागा. निर्वाताची पार्यता १.२५७ मायक्रोहेन्री प्रति मीटर. वरच्या कोअरवर १०७ मायक्रोहेन्री आले तर उत्तर ७८० येतं, म्हणजे ४३.

१ ते ३ मायक्रोहेन्री आले तर तो फेराइटच नाही, लोहचूर्णाचा कोअर आहे. लाल रंगाचा २ क्रमांकाचा कोअर, पार्यता १०. टी२००–२ वर १६ वेढे घातले तरी ३ मायक्रोहेन्रीच मिळतात, ३.५ मेगाहर्ट्झला ६७ ओहम. यावर ४:१ बालून बांधण्याची रीत जुनी आहे आणि खालच्या बँडवर ती अजूनही तितकीच चुकीची आहे. ट्यून केलेल्या कॉइलसाठी मात्र हाच कोअर उत्तम.

रंगाचा आणखी एक सापळा. संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेलं पिवळं-पांढरं कडं २६ क्रमांकाचं असतं, पार्यता ७५, आणि ते किलोहर्ट्झसाठी बनवलेलं. पूर्ण पिवळं कडं ६ क्रमांकाचं, पार्यता ८.५, मेगाहर्ट्झसाठी चांगलं. एका बाजूच्या पांढऱ्या रंगावर सगळं अवलंबून आहे. २६ चं कडं मेगाहर्ट्झवर शेगडीसारखं वागतं.

७. हेअर ड्रायरची चाचणी. व्हीएनएची पॉवर मिलिवॉटहूनही कमी असते, म्हणून त्यावर हा बिघाड कधीच दिसत नाही. उपाय असा: दुय्यम वेढ्यांवर सुमारे २४५० ओहमचा कार्बन किंवा मेटल फिल्म रोध लावा (तारेचा गुंडाळलेला नको), प्राथमिकला व्हीएनए जोडा आणि कोअर ड्रायरने सावकाश गरम करा. एकदम तापवला तर तडकेल. तापमान वाढताना आलेख सरकू लागला तर बदल तापमानाचाच, पॉवरचा नाही, हे सिद्ध झालं. ८० अंशांपर्यंत आलेख हलला नाही, तर कोअरला निर्दोष सोडून अँटेनाच्या तारेकडे वळा.

८. नाश (उष्णतेत वाया जाणारी पॉवर) मोजणं. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर उच्च रोधाच्या बाजूंनी एकमेकांना जोडा आणि व्हीएनएच्या दोन पोर्टमध्ये लावा. मिळालेल्या डेसिबलचे निम्मे एका ट्रान्सफॉर्मरचे. ०.२ डेसिबल म्हणजे १०० वॉटमधले साडेचार वॉट उष्णतेत. ०.५ म्हणजे ११ वॉट, १ म्हणजे २० च्या वर. बंद प्लास्टिक डब्यातल्या एका कोअरला सलग ११ वॉट झेपत नाहीत.

दुरुस्ती: वेढे की मटेरियल

प्राथमिक वेढ्यांचा रिॲक्टन्स सर्वांत खालच्या बँडवर ५० ओहमच्या निदान चार-पाच पट हवा. एफटी२४०–४३ वर २ वेढे म्हणजे ४.३ मायक्रोहेन्री, ३.५ मेगाहर्ट्झला ९५ ओहम. अपुरे. ३ वेढे दिले तर २१३, ४ दिले तर ३७८. दोन कोअर एकावर एक ठेवून २ वेढे दिले तर १८९, आणि उष्णता पसरायला पृष्ठभागही वाढतो. हे आकडे सुरुवातीच्या पार्यतेवरून काढलेले असल्याने प्रत्यक्षात थोडे कमीच पडतात.

म्हणून प्राथमिक-दुय्यम वेढे २:१४ च्या जागी ३:२१ घालावेत; गुणोत्तर तेच, चुंबकन प्रवाह निम्म्याहून कमी. किंमत वरच्या बँडवर मोजावी लागते. वेढे वाढले की गळतीचा इंडक्टन्स वाढतो आणि २१–२८ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर चढतो. ३.५ ते २८ सगळं एकाच ट्रान्सफॉर्मरकडून १०० वॉट सलग हवं असेल तर दोन-तीन कोअरची चळत आणि कमी वेढे बरे. खालचा बँड नको असेल, ७ पासून पुढेच काम असेल, तर ५२ क्रमांकाचा कोअर जास्त थंड राहतो. पार्यता २५० असली तरी नाश कमी आणि क्युरी तापमान खूप वर.

डबा पांढरा घ्या, सावलीत टांगा, तळाला दोन बारीक छिद्रं ठेवा. याने मूळ दोष जात नाही, पण सीमेवरचा ट्रान्सफॉर्मर तगतो.

चोक तापत असेल तर विचार उलटा करावा लागतो. १:१ चोकमध्ये नाश करणारी पार्यता आपल्याला हवीच असते, म्हणून तिथे खालच्या बँडसाठी ३१ वापरतात. चोक तापणं म्हणजे त्याचा रोध अपुरा आहे आणि केबलच्या बाहेरून प्रवाह वाहतोय. वेढे वाढवा, रोध साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, निदान वेढ्यांमधली धारिता आड येईपर्यंत. ६१ चा चोक घालून ‘आता तापत नाही’ असं समाधान मानू नका. तो प्रवाह अडवतच नसेल तर थंडच राहणार.

तारेची पार्यता मोजायची राहिली. अँटेना साध्या लोखंडी तारेची असेल तर तिची पार्यता शंभरच्या घरात धरून पृष्ठभागाचा रोध तांब्याच्या सुमारे तीसपट निघतो, कारण प्रवाह फार पातळ थरात कोंडला जातो. जस्ताचा मुलामा शाबूत असेपर्यंत तो बराचसा प्रवाह वाहून नेतो. गंजला की नाश वाढतो. इथे आकडा मिनिटांत नाही, वर्षात सरकतो.

कुठे थांबायचं

पुढच्या कुठल्याही परिस्थितीत हत्यारं खाली ठेवा आणि जाणकार तंत्रज्ञाला बोलवा. डबा मनोऱ्यावर किंवा छताच्या कडेला आहे आणि चढल्याशिवाय हात पोचत नाही. अँटेनाची तार, पडली तर, वीजवाहिनीवर पडू शकते. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उघडावा लागणार आहे; त्यात हजारो व्होल्टचा डीसी असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. विजेपासून संरक्षणाची अर्थिंग बदलावी लागणार आहे.

काही वेळा धोका नसतो, पण घरच्या साधनांची मर्यादा संपलेली असते. पॉवर ५०० वॉटच्या वर असेल तर कोअरची निवड अंदाजाने करू नये. डमी लोडवरही रेडिओ पॉवर कमी करत असेल तर अंतिम टप्प्याचे ट्रान्झिस्टर दुखावले असू शकतात. ते दुरुस्ती केंद्राचं काम. आणि कोअरची ओळख पटवून, कपॅसिटर बदलून, वेढे दोनदा सुधारूनही तो ९० अंशांच्या वर जात असेल, तर तिसऱ्यांदा गुंडाळू नका. बहुधा अँटेनाच्या तारेचा रोध २४५० ओहमच्या जवळपासही नाही. तो जागेवर मोजून घ्यावा लागेल. येणाऱ्या माणसाच्या हातात कोअरचा आकार, १० वेढ्यांचा इंडक्टन्स, प्राथमिक-दुय्यम वेढे, आणि पॉवर-वेळ-तापमानाची नोंद द्या. त्याची अर्धी फेरी वाचते.